जागतिक मंदी आणि कुलाब्याचे कूळ

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते साल १८७५. महाराष्ट्रात गावोगाव चालणाऱ्या व्याख्यानमालांचे मूळ त्या वर्षी रुजले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी दुसरी एक घटना घडली, तिची आठवण मात्र व्याख्यानमंडपांत क्वचितच निघते. आसपासच्या शेतकऱ्यांनी त्या दिवशी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख तिजोरीपेक्षा दप्तरावर होता. खते, रोखे, वह्या बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. हे लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोचले, आणि त्याची चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

सुप्याच्या शेतकऱ्याचे हे कर्ज वाढले कसे, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आपण थेट अमेरिकेत जाऊन पोचतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेना, म्हणून हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. सुपे भागात कापूस फारसा पिकत नसे. परंतु कापसाच्या पैशाने आणि रेल्वेच्या कामांनी धान्याचे भाव चढले, मजुरी चढली, आणि सावकार आनंदाने कर्ज देऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले. कापूस कोसळला, मुंबईचा शेअरबाजार बुडाला, धान्याचे भावही पुढे उतरले. तशात सरकारने जमिनीचा सारा वाढवला. उतरली नाही ती एकच गोष्ट : खतावर लिहिलेला आकडा.

जगाच्या एका टोकाला बाजार बसला असता दुसऱ्या टोकाच्या गरिबावर तो नेमका कोणत्या वाटेने कोसळतो, हा आमचा आजचा विषय आहे. तो विलायतेच्या आकडेवारीतून मांडण्यापेक्षा आपल्याच पेण-रोह्याच्या मातीवरून मांडावा असे आम्हांस वाटते. कारण १९२९ नंतरची जागतिक मंदी या मातीत येऊन पोचली होती, आणि या मातीने तिला दिलेले उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

मंदीचा उगम

ऑक्टोबर १९२९ च्या अखेरीस न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. तेवढ्याने जग बुडाले असे नव्हे. शेतमालाचे भाव त्याआधीच ढासळू लागले होते. गहू, साखर, तांदूळ यांचे पीक मागणीपेक्षा अधिक होत होते. बाजार कोसळताच पैसेवाल्यांनी हात आखडले आणि दिलेली कर्जे परत मागण्यास प्रारंभ केला. जून १९३० मध्ये अमेरिकेने परदेशी मालावरील जकात वाढवली. मग इतर देशांनीही आपापल्या वेशी बंद केल्या. १९३३ च्या आरंभी जागतिक व्यापाराची किंमत चार वर्षांपूर्वीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशावर आली होती.

आपल्याकडे कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक त्या काळी प्रमाण मानला जाई. जुलै १९१४ चे भाव १०० धरले तर १९२९ साली तो १४१ होता. १९३१ साली ९६ झाला आणि १९३३ साली ८७ वर आला. म्हणजे चार वर्षांत १०० रुपयांच्या मालाचे सुमारे ६२ रुपये झाले. हा झाला सर्व मालाचा हिशेब. शेतकरी विकतो त्या मालाचे भाव एकंदरीने यापेक्षाही अधिक पडले, आणि तो विकत घेतो त्या मालाचे भाव तितके पडले नाहीत.

यात राज्यकर्त्यांच्या धोरणाचाही वाटा होता. १९२७ साली रुपयाचा दर १८ पेन्स असा कायद्याने ठरवण्यात आला होता. तो १६ पेन्स असावा असे हिंदी व्यापाऱ्यांचे व अनेक पुढाऱ्यांचे म्हणणे होते, कारण रुपया महाग झाला की शेतकऱ्याच्या मालाचे रुपये कमी येतात. मंदीच्या ऐन भरात हा दर टिकवण्यासाठी सरकारने चलन आखडले. जगात भाव पडत असता देशात पैसाही दुर्मिळ झाला. याचा निर्णय ज्या कचेरीत झाला तिचे नाव कुंडलिकेच्या काठच्या कुळाने कधी ऐकलेही नसेल.

ती पेण-रोह्यास कशी पोचली

आजचा रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जाई. पेण आणि रोहा हे त्याचे दोन तालुके, आणि दोन्ही बाजारपेठा मुख्यतः भाताच्या. पेणच्या खारेपाटात समुद्राचे पाणी बांध घालून थोपवून जमीन काढलेली. बांध फुटला की शेत खारे होणार, हे ठरलेले. रोह्याकडे कुंडलिकेच्या दोन्ही अंगांनी भातशेती, आणि मागे डोंगराला लागून कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या. दोन्ही गावांचे तोंड मुंबईकडे. धरमतरच्या खाडीतून आणि रेवदंड्याच्या खाडीतून तांदूळ मुंबईस जाई आणि मुंबईहून पैसा येई. ज्या वाटेने पैसा येतो त्याच वाटेने मंदी येते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजणे कठीण नाही.

पहिली वाट भाताची. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानाचाच भाग होता आणि जगातील सर्वांत मोठा तांदूळ निर्यात करणारा प्रांत होता. त्याच्या तांदळाचे परदेशी गिऱ्हाईक आटले, तसा रंगूनचा भाव १९३० साली कोसळला. त्याच वर्षी डिसेंबरात तेथील शेतकऱ्यांनी साया सान याच्या नेतृत्वाखाली बंड केले, ते काही योगायोगाने नव्हे. रंगूनचा तांदूळ मुंबईच्या बाजारात आपल्या तांदळाशेजारीच विकला जाई. तो स्वस्त झाल्यावर पेणच्या तांदळास जुना भाव कोण देणार? ब्रह्मदेशच्या शेतकऱ्याने कुलाब्याच्या शेतकऱ्यास कधी पाहिले नव्हते. पण दोघे एकाच तराजूत तोलले जात होते.

दुसरी वाट मनीऑर्डरची. कोकणातील घराचा एक पाय शेतात आणि दुसरा मुंबईच्या गिरणीत, ही स्थिती त्या काळी रुळलेली होती. शेत पोटापुरते पिके. कपडा, मीठमिरची, लग्नकार्य आणि सावकाराचे व्याज गिरणीच्या पगारातून निघे. गिरणधंद्याची प्रकृती १९२० नंतर बिघडतच होती; १९२८ साली तेथे सहा महिन्यांच्या आसपास चाललेला मोठा संप झाला होता. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने आपल्या येनचे मूल्य उतरू दिले आणि जपानी कापड येथे फार स्वस्तात येऊ लागले. १९३३ च्या सुमारास मुंबईत अनेक गिरण्या बंद पडल्या, चालू होत्या त्यांतून पगार कापले गेले, आणि एप्रिल १९३४ मध्ये कामगारांना पुन्हा सार्वत्रिक संप करावा लागला. गिरणीतून सुटलेला माणूस गावी परततो तेव्हा दुहेरी घाव बसतो : येणारी मनीऑर्डर थांबते आणि खाणारे एक तोंड वाढते. शेत मात्र तेवढेच राहते.

तिसरी वाट सोन्याची. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडला आणि रुपया पौंडाला बांधलेला राहिला. २१-२२ रुपये तोळ्याचे सोने थोड्याच काळात ३० रुपयांच्या आसपास गेले. खेड्यापाड्यांतून सोने बाहेर पडू लागले. १९३१-३२ या एकाच वर्षात सुमारे ५८ कोटी रुपयांचे सोने देशाबाहेर गेले, आणि पुढेही काही वर्षे हा ओघ चालू राहिला. सरकारी पक्ष म्हणे, लोक भाव चांगला आला म्हणून नफा करीत आहेत. ज्यांच्याजवळ साठा होता त्यांच्यापुरते ते खरेही असेल. परंतु सारा भरण्यासाठी आणि व्याज चुकवण्यासाठी घरातल्या बाईच्या अंगावरचा डाग मोडणे याला नफा म्हणत नाहीत. सोने हा गरिबाचा विमा असतो. त्या वर्षांत तो विमा खर्ची पडला आणि पुढच्या संकटाला घर उघडे पडले. आणि कातकऱ्याच्या वाडीवर तर मोडायलाही काही नव्हते. ज्याच्याजवळ विकण्यास केवळ आपले हात असतात तो अशा वेळी आगाऊ उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत हातांचाच गहाणवट होतो.

स्वस्ताई कोणाची?

त्या काळाविषयी आपल्या गावांतील मध्यमवर्गीय घरांत एक आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली आहे : तेव्हा किती स्वस्ताई होती! ही आठवण खोटी नाही. ज्याचा पगार ठरलेला होता, मग तो शाळेतला मास्तर असो, कचेरीतला कारकून असो की पेन्शनर असो, आणि ज्याची नोकरी टिकली, त्याला १९३३ साली त्याच पगारात अधिक तांदूळ मिळत होता. त्याच तांदळाच्या दुसऱ्या टोकाला तो पिकवणारा उभा होता. स्वस्ताई आणि मंदी ही एकाच काळाची दोन नावे आहेत. आपण कोणते नाव घेणार हे आपले येणे ठरलेले आहे की देणे ठरलेले आहे यावरून ठरते.

हे थोडे उकलून सांगितले पाहिजे. समजा, १९२८ साली एका शेतकऱ्याने सावकाराकडून ५० रुपये घेतले आणि त्या वेळी तांदळाचा भाव मणास ५ रुपये होता. त्याच्या हिशेबी हे कर्ज १० मणांचे. पाच वर्षांनी भाव निम्म्यावर आला. आता तेच ५० रुपये फेडण्यास २० मण लागणार. त्याने एक पैसाही अधिक उचलला नाही, आळस केला नाही, पाऊसही वेळेवर पडला; तरी कर्ज दुप्पट झाले. व्याजाची गोष्ट आम्ही यात धरलेलीच नाही. सावकाराच्या वहीत मात्र आकडा तोच आहे, म्हणून तो शपथेवर सांगू शकतो की आपण काहीच वाढवले नाही. मंदीची सारी गोम येथे आहे. भाव उतरतात, देणी उतरत नाहीत.

खोत आणि कूळ

आता आपल्या जिल्ह्यातील विशेष परिस्थितीकडे वळू. कुलाबा जिल्ह्याच्या मोठ्या भागात जमीन कसणारा एक आणि सरकारदरबारी नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती होती. खोत किंवा जमीनमालक सरकारला सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा किंवा ठरलेल्या मणांचा खंड घेई. कुळाकडून वर्षावर्षाच्या कबुलायती लिहून घेण्याची चाल होती. वडील-आजे ज्या शेतात राबले त्याच शेतात नातू राबत असे, परंतु कागदावर तो दरसाल नवाच कूळ ठरे. त्यामुळे कायद्याने मिळणारा कायम वहिवाटीचा हक्क त्याच्या वाट्यास येत नसे. खंडाखेरीज वेठबिगार आणि नाना तऱ्हेच्या फर्माइशी होत्याच. आणि पुष्कळ ठिकाणी खोत हाच सावकारही असे.

येथे एक शंका रास्त आहे. खंड जर धान्यात द्यायचा, तर भाव पडल्याने कुळाचे काय बिघडले? दहा मण द्यायचे ते दहा मणच राहिले. ही शंका विचारणाऱ्याने कुळाची पूर्ण गोष्ट ऐकावी. खंड चुकवून जे उरे तेच विकून कुळाला कापड आणि तेलमीठ घ्यायचे असे, आणि त्याच उरलेल्या भाताची किंमत पडली होती. सावकाराचे व्याज रुपयांत होते. उलट खोताला सरकारचा सारा रोखीत भरायचा असे. त्याच्या वाट्याच्या भाताचे रुपये कमी येऊ लागले, म्हणजे तो ती तूट कोठून भरून काढणार? सरकार सारा सोडीत नाही, खोत खंड सोडीत नाही, सावकार व्याज सोडीत नाही. प्रत्येकजण आपला भार खालच्याच्या खांद्यावर देतो. सर्वांच्या खाली जो असतो त्याला खांदा बदलता येत नाही. खोतांपैकी काही जण स्वतःही अडचणीत होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अडचण पुढे सरकवण्याची सोय त्यांना होती, कुळाला नव्हती.

चरीचे उत्तर

पेणहून वडखळच्या नाक्यावरून अलिबागच्या रस्त्यास लागले म्हणजे धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडचा परिसर येतो. चरी हे गाव त्याच खारेपाटातले. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा निर्णय झाला. पुढाकार नारायण नागू पाटील यांचा होता. आसपासची २५ गावे या संपात उतरली. खंड कमी करावा, वेठ व फर्माइशी बंद कराव्यात, कसणाऱ्याचे नाव कागदोपत्री लागावे, अशा मागण्या होत्या.

गिरणीतला संप आणि शेतातला संप यांत एक मोठा फरक आहे. गिरणीकामगार संप करतो तेव्हा त्याची मजुरी बुडते. शेतकरी शेत पडीक टाकतो तेव्हा त्याच्या घरातले अन्नच बुडते, कारण पिकवणारा आणि खाणारा तोच असतो. चरीच्या शेतकऱ्यांनी हे एक हंगाम केले नाही. १९३९ पर्यंत सहा वर्षे केले. सहा पावसाळे आले आणि गेले, नांगर फिरला नाही. लाकूडफाटा विकून, खाडीची मासळी धरून, दूरच्या गावी मोलमजुरी करून या घरांनी दिवस काढले. देशातील सर्वांत दीर्घ शेतकरी संपांत त्याची गणना होते.

हा संप केवळ मंदीने घडला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. खोतीचा जाच शेकडो वर्षांचा होता आणि त्याविरुद्धची चळवळ मंदीपूर्वीच सुरू झाली होती. परंतु जुना जाच असह्य होण्यास काही काळवेळ लागते. मुंबईची मनीऑर्डर चालू असता जो खंड कसाबसा देता येत होता, तो ती थांबल्यावर देता येईना. मंदीने शेतकऱ्याला नवे दुःख दिले नाही. जुन्या दुःखावरचा आडोसा काढून घेतला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. डिसेंबर १९३४ मध्ये चरीस भरलेल्या शेतकरी परिषदेस ते आले होते. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटील यांनी ‘कृषीवल’ पत्र सुरू केले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. जात आणि धर्म यांच्या भिंती ओलांडून आगरी, महार, मराठा, कुणबी अशी कुळे एका मागणीभोवती उभी राहिली, हे त्या काळाच्या मानाने थोडे नव्हे. त्या वेळचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी चरीस भेट दिली, आणि १९३९ साली संप मिटला. त्याच वर्षी मुंबई प्रांतात कूळ कायदा झाला. १९४८ साली अधिक व्यापक कूळ कायदा आला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कायद्यात बसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली.

आता सुप्याच्या आणि चरीच्या शेतकऱ्यांची तुलना करा. दोघांच्या दुःखाचे मूळ कागदात होते. सुप्याच्या शेतकऱ्याने जुना कागद जाळला. चरीच्या शेतकऱ्याने नवा कागद मागितला, ज्यावर आपले नाव असेल असा. अठ्ठावन्न वर्षांत आपल्या शेतकऱ्याची समज किती पुढे गेली होती, याचा यापेक्षा उत्तम पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

रोह्याचा विद्यार्थी, जगाची सभा

या कथेचा दुसरा धागा रोह्याचा आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला आणि बालपण रोह्यास गेले. मॅट्रिकच्या परीक्षेत जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवणारा हा विद्यार्थी १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला. रिझर्व्ह बँक स्वतः १ एप्रिल १९३५ रोजी, म्हणजे चरीचा संप चालू असतानाच, अस्तित्वात आली होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. मंदीच्या काळात देशादेशांनी एकमेकांच्या मालाला वेशी बंद केल्या आणि चलने पाडण्याची शर्यत लावली, तसे पुन्हा होऊ नये यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा घाट तेथे घातला गेला. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत अविकसित देशांच्या साधनसंपत्तीच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख असावा, असा आग्रह या शिष्टमंडळाने धरला. तो जसाच्या तसा मान्य झाला नाही. श्रीमंत राष्ट्रांना मुख्यतः चलनांचे दर स्थिर राहण्याची चिंता होती. गरीब देशांचे म्हणणे असे की, दर स्थिर राहिला आणि आमचा माणूस उपाशी राहिला तर त्या स्थैर्याचे आम्ही काय करावे? रुपयाचा दर टिकवण्यासाठी केलेल्या चलनसंकोचाचा अनुभव ज्या देशाने दहा वर्षांपूर्वीच घेतला होता, त्याने हा प्रश्न विचारणे स्वाभाविक होते.

चरीचा शेतकरी आणि ब्रेटन वुड्सचा प्रतिनिधी यांची भाषा वेगळी होती. परंतु मागणी एकाच जातीची होती. संकटाचा भार कोणी किती उचलायचा हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाने ठरते. तो कागद लिहिताना आम्हालाही बसवा, एवढेच दोघांचे म्हणणे होते.

पुढच्या मंद्या

यानंतर जगाने पुष्कळ चढउतार पाहिले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापले. खनिज तेल भडकले आणि कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना मायदेशी आणावे लागले. कोकणातील ज्या घरांचा दुसरा पाय एके काळी गिरणीत होता, त्यांतील कित्येकांचा तो आता आखाताच्या वाळूत होता. त्यांची मनीऑर्डर पुन्हा एकदा थांबली. जुलै १९९१ मध्ये खुद्द भारत सरकारला सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. १९३१ साली कुळाच्या घरात घडले ते साठ वर्षांनी देशाच्या घरात घडले. २००८ साली अमेरिकेतील गृहकर्जांचा फुगा फुटला. २०२० साली साथीने जगभरचे व्यवहार थांबले. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले, आणि पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांना उत्सवाच्या तोंडावर मूर्तींच्या उंचीवरील मर्यादेचाही सामना करावा लागला.

आज पेण तालुक्यात डोलवीस पोलाद होते आणि रोह्यास धाटावला रसायने. खंडाचे मण गेले, महिन्याचे हप्ते आले. खोताची कबुलायत गेली; परंतु ठरावीक मुदतीची, पुन्हा पुन्हा नवी लिहिली जाणारी कंत्राटी कामगाराची नेमणूक पाहिली म्हणजे त्या जुन्या कबुलायतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. वर्षानुवर्षे तेच काम करणारा माणूस कागदावर दर वेळी नवा! जगाच्या बाजारात मागणी घटली की पहिली कात्री तेथे लागते, आणि घराचे भाडे, मुलाची फी, गाडीचा हप्ता यांना कात्री लागत नाही.

मग उपाय काय? इतिहासकाराने वैद्य होऊ नये हे खरे, परंतु झालेल्या उपचारांची नोंद तरी त्याने दिली पाहिजे. एक उपचार चरीने दाखवला : गरिबाचे देणे न्यायाने कमी करा आणि त्याचे नाव कागदावर आणा. दुसरा उपचार याच महाराष्ट्राने दाखवला. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने लक्षावधींना काम दिले. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली केंद्राने देशभरासाठी तसा कायदा केला. या योजनेचे मर्म लक्षात घ्या. गरिबाचे देणे ठरलेले आणि येणे बेभरवशाचे, हा मंदीचा सापळा होता. रोजगार हमीने त्याचे थोडेसे येणेही ठरवून दिले.

आणि त्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला, तो मुख्यतः या योजनेसाठी. शहरांतील पगारदारांच्या वेतनातून तो कापला जाऊ लागला. म्हणजे ज्यांचे येणे ठरलेले आहे त्यांनी, ज्यांचे ठरलेले नाही त्यांच्यासाठी, दरमहा थोडे काढून ठेवावे, अशी ती व्यवस्था होती. आपल्यापैकी अनेकांनी पगारपत्रकावरचा तो आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या असतील. त्या आकड्यामागे १८७५ चे सुपे आहे आणि १९३३ ची चरी आहे, हे कळल्यावर त्या आठ्या थोड्या सैल व्हाव्यात, अशी आमची अपेक्षा आहे.

जगाचा बाजार बसणे थांबवणे पेणच्या किंवा रोह्याच्या हाती नाही. न्यूयॉर्कच्याही हाती ते पूर्णपणे नाही असे वारंवार दिसून आले आहे. परंतु तो बसला असता भार कोणाच्या खांद्यावर जाईल, हे ठरवणे बरेचसे माणसांच्या हाती असते, आणि ते मंदी येण्याच्या पुष्कळ आधी ठरत असते : भाडेपट्ट्यात, नेमणुकीच्या कागदात, कर्जाच्या अटींत, ग्रामपंचायतीच्या आणि विधिमंडळाच्या ठरावांत. म्हणून पुढची मंदी केव्हा येईल हा प्रश्न विचारण्याआधी आपण दुसरा प्रश्न विचारावा. आज आपल्या गावात, आपल्या दुकानात, आपल्या घरात काम करणाऱ्या माणसाचे येणे किती ठरलेले आहे आणि देणे किती ठरलेले आहे? हा हिशेब मांडण्यास कोणी अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी तो बांधावर बसून मांडला होता.